व्हिडिओ आपोआप कन्व्हर्ट करायचेत? आधी कॉम्प्युटरला थांबायला शिकवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुन्या हँडीकॅमच्या आणि मोबाइलच्या मिळून सातशेच्या आसपास फायली आहेत. तुम्ही एक फोल्डर केलंत, इंटरनेटवर सापडलेली एक बॅच फाइल (ओळीने कमांड चालवणारी छोटी फाइल) त्याला जोडलीत, आणि त्यात पडेल ती फाइल एफएफएमपेग हे व्हिडिओ बदलणारं सॉफ्टवेअर एमपीफोर करून दुसऱ्या फोल्डरात टाकू लागलं. दोन दिवस छान गेले. मग दिसलं की काही फायलींना टीव्हीवर चित्र आहे पण आवाज नाही, काही मध्येच संपतात, आणि मुलीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ भलत्याच क्लिपखाली गाडला गेला, कारण दोन्हींचं नाव एकच होतं. आता तुम्ही विचारताय की एकदा लावून दिलं की पुन्हा बघावं लागणार नाही असं सॉफ्टवेअर कोणतं.

सॉफ्टवेअर तुमच्याकडे आहेच, आणि ते उत्तम आहे. एफएफएमपेग २००० सालापासून चालत आलंय आणि छान छान बटणं असलेल्या कितीतरी कन्व्हर्टरांच्या पोटात तेच असतं. ते बदलून तुमचा प्रश्न सुटणार नाही. तुम्ही झोपलेले असताना प्रत्येक फाइलबद्दल काही निर्णय घ्यावे लागतात: हिला हात लावायचा का, ही पूर्ण आली आहे का, नाव आधीच घेतलेलं आहे का, तयार झालेली फाइल खरंच चालते का. हे निर्णय तुम्ही कॉम्प्युटरला सांगितलेच नाहीत, म्हणून तो प्रत्येक वेळी 'पुढे जा' एवढंच करतोय. मी कॅसेटी आणि मेमरी कार्डांवरचे घरगुती व्हिडिओ जपून ठेवण्याजोगे करून देण्याचं काम अनेक वर्षं करते आहे. माझ्या स्क्रिप्टमध्ये, म्हणजे तुमच्या बॅच फाइलसारख्याच कमांडांच्या यादीत, प्रत्यक्ष रूपांतराची ओळ एकच आहे. बाकीच्या सगळ्या ओळी कधी थांबायचं हे ठरवतात.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. सगळ्यात महत्त्वाची म्हणजे मूळ फायली ठेवणार आहात की जागा मोकळी करण्यासाठी पुसणार आहात. ठेवणार असाल तर नवी प्रत ही फक्त बघण्याची प्रत आहे, ती बिघडली तर पुन्हा करता येते, आणि तुम्ही बरेच निर्धास्त राहू शकता. पुसणार असाल तर प्रत्येक चूक कायमची आहे. माझा सल्ला विचाराल तर घरच्या चित्रीकरणाच्या मूळ फायली पुसू नका. एकदा कॉम्प्रेस झालेला व्हिडिओ पुन्हा कॉम्प्रेस केला की दर वेळी काहीतरी गळतं, आणि ते परत आणता येत नाही. जागेचीच अडचण असेल तर एक वेगळी हार्ड डिस्क घ्या, मूळ फायली तिच्यावर हलवा, आणि मग निवांतपणे हे काम करा. दुसरी गोष्ट म्हणजे हे व्हिडिओ कुठे बघितले जाणार. दहा वर्षांपूर्वीचा टीव्ही असेल तर त्याच्या मर्यादा सगळ्यांना लागू होतात. सगळे नव्या फोनवर बघणार असतील तर हात मोकळे आहेत.

आता कामाकडे. पूर्ण कमांड मी मुद्दाम लिहून देत नाही. दुसऱ्याच्या फायलींसाठी लिहिलेली कमांड चिकटवल्यामुळेच तुमच्या फायली मुक्या झाल्यात. त्यामागचा विचार समजला की कमांड तुम्ही स्वतः लिहाल.

फाइलच्या नावाचं शेपूट बघून काहीही ठरवू नका. एव्हीआय, एमओव्ही, एमकेव्ही, एमपीफोर हे नुसते डबे आहेत. डब्यात चित्र कोणत्या कोडेकमध्ये (दाबून साठवायच्या पद्धतीत) आहे आणि आवाज कोणत्या, हे बाहेरून कळत नाही. एफएफएमपेगबरोबर एफएफप्रोब नावाचा लहान प्रोग्रॅम येतो, तो डबा उघडून आतलं सांगतो: चित्राचा कोडेक, आकार, फ्रेमरेट, आवाजाचा कोडेक, एकूण लांबी. स्क्रिप्टची पहिली पायरी ही असली पाहिजे. त्यावरून फाइलची रवानगी ठरते.

मोबाइलच्या बऱ्याच एमओव्ही फायलींच्या आत एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज आधीच असतो. म्हणजे टीव्हीला हवं तेच. अशा फाइलचं रूपांतर करण्यात शहाणपण नाही. आतलं सगळं जसंच्या तसं उचलून एमपीफोरच्या डब्यात ठेवलं की झालं. याला रीमक्स म्हणतात. चित्राच्या एका ठिपक्यालाही धक्का लागत नाही, आणि तासाभराची फाइल डिस्कच्या वेगाने काही सेकंदांत ते मिनिटाभरात तयार होते. तुमच्या सातशेपैकी मोबाइलच्या फायलींचा मोठा हिस्सा इथेच निकालात निघेल, आणि तुम्ही धरून चाललेले कित्येक दिवस वाचतील.

तुमच्या मुक्या फायलींचं कारणही इथेच आहे असं मला वाटतं. चित्र आणि आवाज दोन्ही 'कॉपी' करायला सांगणारी कमांड तुम्ही वापरलीत. हँडीकॅमच्या एव्हीआय फायलींत आवाज बहुधा पीसीएम असतो, आणि एव्हीसीएचडी कॅमेऱ्यांच्या एमटीएस फायलींत बहुधा एसी-३. एव्हीसीएचडी म्हणजे २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकने आणलेला तो प्रकार, आठवत असेल. जुन्या मोबाइलच्या थ्रीजीपी फायलींत एएमआर सापडतो. कॉम्प्युटरवरचा व्हीएलसी प्लेअर हे सगळं निमूट वाजवतो, म्हणून तुम्हाला काही वावगं वाटलं नाही. टीव्हीची यादी मात्र छोटी असते. टीव्हीवर चित्र दिसत असेल तर उपाय सोपा आहे: चित्र कॉपी, आवाज तेवढा एएसीमध्ये. आवाजाचं रूपांतर झटपट होतं आणि स्टिरिओला १९२ किलोबिट दिले तर घरगुती चित्रीकरणात फरक ऐकू येत नाही.

एक बारीक पण त्रासदायक गोष्ट. एका फाइलमध्ये दोन आवाज किंवा सबटायटल असतील तर एफएफएमपेग आपणहून प्रत्येक प्रकारातला एकच प्रवाह निवडतं आणि बाकीचे सोडून देतं. सगळं हवं असेल तर तसं 'मॅप' पर्यायाने स्पष्ट सांगावं लागतं. दोन मायक्रोफोन वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड केलेल्या मुलाखतींचे अर्धे आवाज असे गेलेले मी पाहिलेत. फाइल नीट चालते, त्यामुळे कोणाला पत्ताही लागत नाही.

खरं रूपांतर उरतं ते कॅसेटवरून आलेल्या डीव्ही फायलींचं, जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या मोशन जेपेगचं आणि काही एमटीएसचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त न सुधारता येणारं नुकसान इथे होतं, आणि ते कॉम्प्रेशनमुळे होत नाही.

जुने हँडीकॅम पूर्ण चित्र एकदम टिपत नसत. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला ५० वेळा अर्धं चित्र टिपलं जायचं: एकदा सम ओळी, एकदा विषम. याला इंटरलेस म्हणतात. पिक्चर ट्यूबचा टीव्ही तसंच दाखवायचा, त्यामुळे हालचाल मऊ दिसायची. आजचा पडदा पूर्ण चित्र एकदम दाखवतो. त्यावर दोन्ही अर्धी चित्रं तशीच एकत्र आली, तर धावणाऱ्या मुलाच्या कडांना कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसतात. स्क्रिप्टने हे लक्षात न घेता फाइल कॉम्प्रेस केली आणि वर तिचा आकारही बदलला, तर सम-विषम ओळी एकमेकींत मिसळून जातात. ते दात चित्राचाच भाग होतात आणि नंतर कोणतंही फिल्टर ते नीट काढू शकत नाही.

म्हणून इंटरलेस असेल तर आधी डीइंटरलेस, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रं करणं, मग बाकी सगळं. एफएफएमपेगमध्ये यॅडिफ आणि बीडब्ल्यूडिफ अशी दोन चांगली फिल्टरं आहेत. यॅडिफ नुसतं लावलं तर ते दोन अर्ध्या चित्रांतून एक पूर्ण करतं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम मिळतात आणि अर्धी हालचाल फुकट जाते. प्रत्येक अर्ध्या चित्रातून एक पूर्ण फ्रेम काढायला सांगा, ५० फ्रेम मिळतील. बीडब्ल्यूडिफ न सांगताच असं करतं. फाइल थोडी मोठी होते, पण मूल धावताना खरंच धावल्यासारखं दिसतं. जुन्या चित्रीकरणाचा जिवंतपणा याच्यात असतो आणि मी यावर कधीच तडजोड करत नाही.

फाइल इंटरलेस आहे की नाही हे एफएफप्रोब सांगतं, पण ते फाइलवरच्या चिठ्ठीत लिहिलेलं वाचतं, आणि चिठ्ठी कधी कधी चुकीची असते. खात्री हवी असेल तर आयडेट नावाचं फिल्टर प्रत्यक्ष फ्रेम मोजून सांगतं. माझ्या स्क्रिप्टमध्ये चिठ्ठी आणि मोजणी जुळली नाही तर फाइल पुढे जात नाही, 'बघायचं आहे' या फोल्डरात जाते. तसं फोल्डर तुम्हीही करा. ज्या यंत्रणेत 'मला कळलं नाही' असं म्हणायला जागा नसते, ती अंदाजपंचे काम करते.

आता दर्जा. एक्स२६४ (एच.२६४ चित्र बनवणारा एन्कोडर) वापरत असाल तर ठरावीक बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा, देऊ नका. सीआरएफ वापरा. त्यात तुम्ही दर्जा ठरवता आणि बिटरेट प्रत्येक दृश्याच्या गरजेप्रमाणे वरखाली होतो. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. न सांगता २३ असतो, आणि साधारण ६ ने वाढवला की फाइल अर्ध्यावर येते. घरच्या आठवणींसाठी मी १८ ते २० ठेवते. एक्स२६५ हा एच.२६५ चा एन्कोडर, त्याची मोजपट्टी वेगळी आहे, तिथे न सांगता २८ असतो, त्यामुळे एकातला आकडा उचलून दुसऱ्यात टाकू नका. 'प्रीसेट' हा वेगाचा पर्याय आहे: स्लो म्हटलं की तेवढ्याच दर्जासाठी एन्कोडर जास्त वेळ डोकं चालवतो. रात्रभर काम चालणारच आहे, मग स्लो ठेवायला हरकत काय?

एच.२६४ की एच.२६५? पहिलं २००३ सालचं, दुसरं २०१३ चं. एच.२६५ तेवढ्याच दर्जाला बरीच कमी जागा घेतं, पण वेळ जास्त लागतो आणि जुने टीव्ही ते ओळखत नाहीत. तुमच्या टीव्हीवर आवाजाची तक्रार आधीच आहे, म्हणून मी एच.२६४ च सुचवते. एच.२६५ घेतलंच, आणि घरात कोणी अॅपलची उपकरणं वापरत असेल, तर फाइलवर एचव्हीसी१ हा टॅग लावायला विसरू नका. एफएफएमपेग स्वतःहून एचईव्ही१ लावतं आणि तिथला प्लेअर ती फाइल उघडत नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी नक्की सुचवेल. एनव्हिडियाचं एनव्हीएन्क आणि इंटेलचं क्विक सिंक कितीतरी पट वेगवान असतात. मात्र तेवढ्याच आकाराच्या फाइलमध्ये स्लो प्रीसेटवरचा एक्स२६४ सहसा सरस ठरतो, विशेषतः अंधाऱ्या आणि दाणेदार चित्रात, आणि जुना हँडीकॅम म्हणजे अंधार आणि दाणेच. मूळ फायली ठेवणार असाल तर ग्राफिक्स कार्ड वापरायला माझी ना नाही.

या दाण्यांमुळेच आणखी एक गंमत होते: रूपांतरानंतरची फाइल मूळ फाइलपेक्षा मोठी निघते. एन्कोडर प्रत्येक दाणा जपायला जातो. म्हणून शेवटी आकाराची तुलना ठेवा. किमान पाचव्या हिश्शाने लहान झाली नसेल आणि मूळ फाइल टीव्हीवर चालत असेल, तर नवी फाइल टाकून द्या.

एमटीएस फायलींची आणखी एक सवय. कार्ड फॅट३२ पद्धतीचं असलं तर एका फाइलला ४ जीबीच्या पुढे जाता येत नाही, म्हणून लांब चित्रीकरण कॅमेरा तुकड्यांत लिहितो. हे तुकडे वेगवेगळे कन्व्हर्ट करून मग जोडले की सांध्यावर आवाज अडखळतो. आधी जोडा, मग कन्व्हर्ट करा. एमटीएस हा सलग प्रवाह असल्यामुळे तुकडे नुसते एकापुढे एक चिकटवले तरी चालतात. हे आपोआप करायला मी जात नाही. एकाच चित्रीकरणाचे तुकडे कोणते, हे माणसानेच बघावं.

आता फोल्डरांची मांडणी. अर्ध्यात संपणाऱ्या तुमच्या फायली इथे बिघडल्या. कार्डावरून मोठी फाइल कॉपी व्हायला काही मिनिटं लागतात. ती फोल्डरात दिसायला लागते मात्र पहिल्याच क्षणी. तुमची बॅच फाइल ती दिसली की झडप घालते आणि जेवढी आली तेवढीच कन्व्हर्ट करते. फाइल 'आली' म्हणजे 'पूर्ण आली' नव्हे. मी दोन उपाय एकत्र वापरते. कॉपी आधी 'उतरवणे' या फोल्डरात करायची आणि पूर्ण झाल्यावर ती 'आवक' मध्ये हलवायची. दोन्ही फोल्डर एकाच ड्राइव्हवर असतील तर हलवणं म्हणजे नुसतं नाव बदलणं असतं, ते एका क्षणात होतं आणि अर्धवट अवस्था कधी दिसतच नाही. शिवाय स्क्रिप्टने फाइलचा आकार बघायचा, मिनिटभर थांबायचं, पुन्हा बघायचा, आणि तोच असेल तरच पुढे जायचं. हा दुसरा उपाय एकटा पुरत नाही, कारण कॉपी कधी कधी मध्ये अडकून राहते आणि आकार तेवढाच दिसतो.

तयार होणारी फाइलही थेट शेवटच्या फोल्डरात लिहू नका. वीज गेली तर तिथे अर्धवट फाइल पडून राहते, आणि पुढच्या वेळी स्क्रिप्ट म्हणते, 'ही तर झालेली आहे.' आधी 'चालू' फोल्डरात लिहा, तपासा, मगच 'तयार' मध्ये हलवा. काही जण त्यासाठी नावाच्या शेवटी वेगळं शेपूट लावतात, पण एफएफएमपेग शेपूट बघूनच डबा ठरवतं, अनोळखी शेपूट दिसलं की चूक दाखवून थांबतं. वेगळं फोल्डर बरं.

नावांचं म्हणाल तर कॅमेऱ्याने दिलेली नावं विश्वासाची नसतात. बऱ्याच कॅमेऱ्यांत कार्ड फॉरमॅट केलं की क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. वेगळ्या शेपटाच्या दोन फायली, समजा एक एव्हीआय आणि एक एमओव्ही, एमपीफोर झाल्या की एकाच नावावर येतात. तुमच्याकडे हेच घडलंय. बॅच फाइलमध्ये 'वाय' पर्याय असणार, म्हणजे 'विचारू नकोस, वर लिही'. तो काढून 'एन' घाला, म्हणजे नाव घेतलेलं असेल तर एफएफएमपेग त्या फाइलला हात लावणार नाही. आणि नवं नाव चित्रीकरणाच्या तारखेपासून सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, वेळ, मग जुनं नाव. यात दोन कामं होतात, कारण तारीख हीसुद्धा हरवणारी वस्तू आहे. नवी फाइल तयार झाली की डिस्कवरची तिची तारीख आजची होते. एमपीफोर आणि एमओव्हीच्या आतली निर्मितीची नोंद बहुतेक वेळा पुढे येते, पण डीव्ही आणि एव्हीसीएचडी कॅमेरे तारीख चित्राच्या प्रवाहातच पेरून ठेवतात आणि रूपांतरात ती जाते. एक्झिफटूल नावाचं साधन ती मूळ फाइलमधून बऱ्याचदा वाचू शकतं. वाचा आणि नावात लिहून ठेवा. आपलं मूल चालायला लागलं तो दिवस कोणता, हे वीस वर्षांनी फक्त त्या नावावरून कळेल.

स्क्रिप्ट स्वतः लिहिणार असाल तर एका खड्ड्याची जागा आधीच दाखवून ठेवते. फायलींची यादी एकेक ओळ वाचून आतमध्ये एफएफएमपेग चालवलं, तर लिनक्स आणि मॅकवर पहिली फाइल नीट होते आणि पुढच्या नावांची अक्षरं गायब होतात किंवा काम तिथेच संपतं. कारण एफएफएमपेग कीबोर्डच्या सूचनांची वाट बघत असतं आणि तुमची यादीच गिळतं. 'नोएसटीडीइन' हा पर्याय दिला की ते बंद होतं. मी सुरुवातीला यात दोन संध्याकाळ घालवल्या. विंडोजवर बॅच फाइलऐवजी पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधलीच स्क्रिप्टची नवी सोय, घ्या. नावातली रिकामी जागा, उद्गारचिन्ह, देवनागरी अक्षरं यांनी बॅच फाइल सहज अडखळते. पॉवरशेलमध्येही चौकटी कंस असलेली नावं 'लिटरलपाथ' म्हणूनच द्यावी लागतात. स्क्रिप्टच्या मजकुरात मात्र देवनागरी नको, म्हणजे वर सांगितलेल्या फोल्डरांची नावंही रोमन अक्षरांत, कारण जुनं पॉवरशेल ती अक्षरं चुकीची वाचतं.

फोल्डरवर सतत पाळत ठेवायची सोय तिन्ही प्रणालींत आहे. मी ती वापरत नाही. दर पंधरा मिनिटांनी स्क्रिप्ट उठते, काम असेल तर करते, नसेल तर झोपते. सातशे फायलींच्या कामात पंधरा मिनिटांनी काय बिघडतं? उलट मध्ये कॉम्प्युटर बंद पडला तरी पुढच्या फेरीत सगळं पुन्हा मार्गी लागतं, काही निसटत नाही. विंडोजवर टास्क शेड्युलर हा ठरल्या वेळी काम सुरू करणारा प्रोग्रॅम हे करतो. आधीची फेरी चालू असेल तर नवी सुरू करू नये, ही सोय तिथे मुळातच लावलेली असते, ती तशीच राहू द्या, नाहीतर दोन फेऱ्या एकाच फाइलवर तुटून पडतील. दोन खुणा मात्र बघा. लॅपटॉप बॅटरीवर गेला की काम थांबवायची खूण आधीपासून असते, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त चाललेलं काम मारून टाकायचीही. शिवाय कोणी माउस हलवत नाही म्हणून कॉम्प्युटर झोपी जातो. कामाच्या दिवसांत झोप बंद करा, एफएफएमपेगला कमी प्राधान्य द्या म्हणजे तुमचं रोजचं काम अडणार नाही, आणि लॅपटॉप असेल तर तो गादीवर ठेवू नका. प्रोसेसर तासनतास पूर्ण जोरात चालणार आहे.

शेवटची तपासणी. ती नसेल तर वरचं सगळं करून मनाला शांतता मिळत नाही. एफएफएमपेग 'यशस्वी' म्हणालं म्हणजे झालं असं धरू नका. मूळ फाइल मध्ये खराब असेल तर ते चुकांच्या ओळी छापत पुढे जातं आणि शेवटी बऱ्याचदा यशाचाच कोड देतं. मी तीन गोष्टी बघते. जुन्या आणि नव्या फाइलची लांबी सेकंदाच्या आत जुळली पाहिजे. प्रवाहांची संख्या अपेक्षेप्रमाणे पाहिजे, म्हणजे आवाज आहे ना. आणि नवी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून बघायची: एफएफएमपेगला ती फाइल द्यायची, कुठेही लिहू नको म्हणायचं, फक्त चुका छापायला सांगायचं. एकही ओळ छापली गेली तर फाइल 'बघायचं आहे' मध्ये. याला वेळ लागतो, पण रूपांतरापेक्षा खूपच कमी. या तिन्हींतून पार झालेल्या फाइलचीच मूळ प्रत 'झालेल्या मूळ' फोल्डरात हलते. पुसणं माझ्या स्क्रिप्टमध्ये नाहीच. ते मी हाताने करते, आठवड्याने, काही फायली प्रत्यक्ष बघून.

म्हणजे एकूण प्रवास असा: उतरवणे, आवक, आत काय आहे ते बघणे, त्यावरून नुसता डबा बदलणे किंवा आवाज तेवढा बदलणे किंवा पूर्ण रूपांतर, मग चालू, तपासणी, तयार. शंका आली की बाजूला.

हे सगळं लिहायचा कंटाळा येत असेल तर हँडब्रेक हे बटणांचं कन्व्हर्टर सॉफ्टवेअर घ्या, ते मोफत आहे. पूर्ण फोल्डर स्कॅन करून सगळ्या फायली रांगेत लावता येतात, कंगव्याचे दात दिसतील तिथेच डीइंटरलेस करायची सोय आहे, आणि एकदा ठरवलेली मांडणी प्रीसेट म्हणून जपून ठेवता येते. पण हँडब्रेक चित्र कधीच कॉपी करत नाही, प्रत्येक वेळी नव्याने एन्कोड करतं. म्हणून मोबाइलच्या चांगल्या फायली त्यात टाकू नका, फक्त कॅसेटच्या आणि जुन्या कॅमेऱ्यांच्या टाका. तुमच्यासारख्या एकदाच होणाऱ्या कामाला हा मधला मार्ग पुष्कळ जणांना पुरतो. फायली दर महिन्याला येत राहणार असतील तर स्क्रिप्ट लिहिण्याचे कष्ट वसूल होतात.

सुरू करण्याआधी प्रत्येक कॅमेऱ्याची एकेक फाइल घ्या आणि एकेका मिनिटाचे तुकडे करून बघा. अंधारातलं दृश्य निवडा, भरपूर हालचालीचं एक निवडा, आणि ते तुमच्याच टीव्हीवर, नेहमीच्या अंतरावरून बघा. तेव्हाच एफएफएमपेग दाखवत असलेला वेगाचा आकडा टिपून ठेवा. तो ०.५ असेल तर तासाभराच्या व्हिडिओला दोन तास. शंभर तासांचं साहित्य असेल तर आठ दिवसांहून थोडं जास्त. हा हिशेब आधी केला की चौथ्या दिवशी कंटाळून प्रीसेट बदलायचा मोह होत नाही.

राहिल्या आधीच बिघडलेल्या फायली. तुमची बॅच फाइल शेवटी मूळ फाइल पुसते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आत्ता, हे वाचून झाल्या झाल्या, ती उघडून बघा. पुसत नसेल तर काळजी नाही, सगळं पुन्हा करता येईल. पुसत असेल तर तिचं वेळापत्रक लगेच बंद करा आणि त्या डिस्कवर काहीही नवीन लिहू नका. पुसलेल्या फायलीची जागा दुसऱ्या कशाने व्यापली जाईपर्यंत ती रिकव्हरी सॉफ्टवेअरने मिळण्याची शक्यता असते. डिस्क एसएसडी असेल तर ही शक्यता फार कमी, पण कार्डं अजून फॉरमॅट केली नसतील तर त्यांच्यावर आधी शोधा. आणि अर्धवट कॉपी झालेली एमओव्ही किंवा एमपीफोर फाइल उघडतच नसेल तर ती टाकून देऊ नका. कॅमेरे या डब्यांची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहितात, ती आली नाही म्हणून प्लेअर हात वर करतो, पण चित्र आत असतं. त्याच कॅमेऱ्यावर त्याच सेटिंगने घेतलेली एक धडधाकट फाइल जवळ असेल, तर अनट्रंक नावाचं साधन तिचा नमुना घेऊन तुटलेल्या फाइलची अनुक्रमणिका पुन्हा बांधायचा प्रयत्न करतं. प्रत्येक कॅमेऱ्याची अशी एक चांगली मूळ फाइल आजच वेगळी काढून ठेवा, आणि पहिल्या पावलांचा व्हिडिओ ज्या कॅमेऱ्यावर घेतला होता, त्याची सगळ्यात आधी.